संशोधन गावापर्यंत नेताना : लोणारच्या काठावरील अनुभव

विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागात किंवा जनसंपर्क कक्षात नव्याने रुजू होणारे तरुण मला एक प्रश्न हमखास विचारतात : प्राध्यापकांचे संशोधन लोकांपर्यंत न्यायचे म्हणजे नेमके काय करायचे? सर्वसाधारण सूत्रे सांगून या प्रश्नाचे समाधान होत नाही, असे माझे मत आहे. म्हणून ज्या एका ठिकाणाबद्दल मी सर्वांत जास्त लिहिले आणि बोलले, त्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या आधारे मी माझा अनुभव मांडते. भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मंदिर-स्थापत्य, पुराणकथा, देवीची यात्रा आणि खाराचा जुना व्यापार हे सारे उल्केच्या आघाताने पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या एकाच विवरात आणि त्याच्या काठावर सापडत असल्यामुळे हे काम शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

नवख्या माणसाची पहिली ओढ अशी असते की संशोधकाचा निबंध घ्यायचा, त्यातील अवघड संज्ञा काढून टाकायच्या आणि उरलेला मजकूर सुबोध म्हणून छापायचा. असा मजकूर वाचला जात नाही, कारण त्यात वाचकाच्या मनात आधीपासून असलेल्या प्रश्नाला जागाच नसते. लोणारच्या माणसाला आपल्या सरोवराबद्दल काही ठाऊक नाही असे समजून बोलायला सुरुवात केली, तर तो पहिल्या दोन वाक्यांतच मनाने निघून जातो. त्याला पुष्कळ ठाऊक असते. बारमाही वाहणाऱ्या धारेचे पाणी गोड आणि खालचे तळे मात्र खारट, हे त्याला कोणत्याही प्रयोगशाळेआधी माहीत आहे. पाणी केव्हा उतरते, कोणता पक्षी केव्हा येतो, नवरात्रात कमळजा देवीला जाताना कोणती वाट निसरडी असते, हेही त्याला माहीत आहे. आपले काम या माहितीच्या शेजारी संशोधन आणून ठेवण्याचे आहे, आणि ते जोडकाम नीट बसले तरच लोक ऐकतात.

लवणासुराची कथा हे याचे ठळक उदाहरण आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या गुहेत राहत होता, विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्या गुहेचे झाकण पायाच्या स्पर्शाने दूर उडवले आणि दैत्याचा वध केला, त्याच्या रक्ताचे हे सरोवर झाले, अशी ही कथा आहे आणि गावातील कोरीव दैत्यसूदन मंदिर तिच्याशी जोडलेले आहे. विज्ञानप्रसार करणारे काही जण या कथेपासून सुरुवात करून लगेच ती खोडून काढतात. काही जण उलट टोकाला जाऊन पूर्वजांना उल्कापाताची माहिती होती, असे ठोकून देतात. माझ्या मते दोन्ही रीती टाळाव्यात. कथा कथा म्हणून पूर्ण आणि आदराने सांगावी, मंदिराची रचना स्थापत्याच्या अभ्यासकाच्या शब्दांत सांगावी, आणि मग विचारावे की खडकाने स्वतः मागे ठेवलेला पुरावा कोणता. श्रोत्याच्या मनात या दोन गोष्टी सुखाने एकत्र नांदतात. त्यांची जबरदस्तीने भेट घडवण्याची घाई आपणच करतो.

खडकाचा पुरावा फार सुंदर आहे आणि तो घाईने सांगू नये. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. त्यानंतर बराच काळ हे ज्वालामुखीचे मुख असावे असे अनेक अभ्यासकांना वाटत होते, आणि त्यात नवल नव्हते, कारण विवर ज्या खडकात आहे तो दख्खनचा बेसाल्टच मुळी लाव्हा थिजून बनलेला आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विवराच्या तळाशी घेतलेल्या छिद्रांतून वर काढलेल्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार हे नेहमीचे खनिज प्रचंड आघाताच्या दाबाखाली सापडले की त्याची स्फटिकरचना मोडून ही काच तयार होते, आणि एवढा दाब ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही. लाव्हाच्याच खडकात असलेले विवर लाव्हाने केलेले नाही, हे एका काचेच्या कणाने ठरले, असे सांगितले की सातवीतला विद्यार्थीही खडकाचा तुकडा हातात घेऊन बारकाईने पाहू लागतो.

हे दाखवण्यासाठी मोठ्या साधनांची गरज नसते. एका परातीत बारीक वाळूचा जाड थर पसरावा, त्यावर पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर चाळणीने भुरभुरावा आणि वरून काचेची गोटी सोडावी. खड्डा पडतो, त्याला उचललेली कडा येते आणि खालची काळपट वाळू पांढऱ्या रांगोळीवर चहूबाजूंनी किरणांसारखी उडते. लोणारच्या काठावर उभे राहिल्यावर जी उंचावलेली कड दिसते तिचा अर्थ मुलांना इथे समजतो. यानंतर एक प्रश्न आलाच म्हणून समजा : “गोटी तर इथंच पडून आहे, मग तो दगड कुठं गेला?” या प्रश्नाची तयारी आधीच करून जावी. आकाशातून येणारा दगड सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने आदळतो, त्या आघातात तो स्वतःच जवळपास सगळा वितळतो आणि वाफ होऊन जातो. आपल्या गोटीला तो वेग नाही, म्हणून ती शिल्लक राहते. प्रयोग कुठे खरा आहे आणि कुठे अपुरा आहे हे मुलांसमोर स्पष्ट सांगणे हा त्या प्रयोगाचाच भाग आहे.

वयाचा प्रश्न याहून अवघड आहे. विवरातील काचेवर तापदीप्तीची पद्धत वापरून आलेले वय सुमारे ५२ हजार वर्षे आहे, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्गॉन पद्धतीच्या मोजणीनुसार ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते. दहापटींहून अधिक फरक असलेले हे दोन आकडे पाहून नवखा लेखक गडबडतो आणि त्यातला एक गुपचूप वगळतो. तसे करू नये. दोन्ही आकडे छापावेत आणि प्रत्येक पद्धत काय मोजते तेही सांगावे : पहिली पद्धत काच शेवटची तापल्यानंतर तिच्यात साठलेली ऊर्जा मोजते, दुसरी पद्धत पोटॅशियमच्या ऱ्हासातून साठलेला अर्गॉन वायू मोजते, आणि वितळताना खडकातला जुना अर्गॉन पुरता निघून गेला नसेल तर वय जास्त दिसू शकते, तसेच काचेतील ऊर्जा हळूहळू गळून गेली असेल तर ते कमी दिसू शकते. एकदा काठावर हे सांगत असताना एका वयस्क शेतकऱ्याने विचारले, “म्हंजे ताई, तुमालेबी पक्कं माईत नाही?” मी म्हटले, “नाही काका, दोन घड्याळं दोन वेळा दाखवून राहिली, अन् कोणतं बरोबर ते पाहणं चालू आहे.” त्यांनी मान हलवली आणि पुढचा अर्धा तास ते प्रश्न विचारत राहिले. विज्ञानातील अनिश्चितता लपवली नाही तर लोकांचा विश्वास वाढतो, हे मी अशा संवादांतून शिकले.

अतिशयोक्तीबाबत मात्र मी कठोर आहे आणि नव्या सहकाऱ्यांनीही तसे असावे अशी माझी इच्छा आहे. लोणार हे बेसाल्टमधील जगातील एकमेव आघात-विवर आहे, असे पत्रकांतून आणि भाषणांतून सर्रास सांगितले जाते. परंतु ब्राझीलमध्ये वार्झियाओ आणि व्हिस्टा अलेग्रे ही बेसाल्टमधील आघात-विवरे आहेत. लोणार हे जगातील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे विवर असल्याचेही वाचायला मिळते. मेक्सिकोतील चिक्सुलूबचा व्यास सुमारे १८० किलोमीटर आहे आणि आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील ढाला हेही लोणारपेक्षा कितीतरी मोठे आहे. लोणारचे खरे महत्त्व निराळे आहे : ते तरुण आहे, त्याचा आकार उत्तम टिकून आहे, आणि चंद्रावर व मंगळावर बेसाल्टच्या पृष्ठभागावर पडलेल्या विवरांचा अभ्यास जमिनीवर उभे राहून करण्याची संधी ते देते. १९७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आणि २०२० मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले. गावाचा अभिमान या खऱ्या गोष्टींवर भक्कम उभा राहतो. काठावर होकायंत्राची सुई हलते याचे गूढ वर्णन करणाऱ्यांनाही हेच सांगावे लागते की बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचे चुंबकीय खनिज असतेच, त्यामुळे सुई हलली एवढ्यावरून आकाशातून आलेल्या लोखंडाचा निष्कर्ष निघत नाही.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा या कामाची खरी कसोटी लागली. छायाचित्रे देशभर पसरली, लवणासुराच्या रक्ताची आठवण काढणारे भेटले, शेवाळाचा अंदाज सांगणारे भेटले आणि प्रलयाची भीती पसरवणारेही भेटले. अशा वेळी विद्यापीठाच्या माणसाने पहिल्याच दिवशी कारण जाहीर करण्याचा मोह टाळावा. कोणते नमुने घेतले गेले आहेत, ते कोणाकडे तपासले जात आहेत आणि आजपर्यंत काय ठरलेले नाही, एवढेच सांगावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा असल्याचे दिसून आले. पाण्याची पातळी घटून क्षारता वाढली की हे जीव भरभराटीला येतात. नमुन्याचे पाणी स्थिर ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी जवळपास पारदर्शक झाले, ही त्या तपासणीतील बाब मला सर्वांत बोलकी वाटते, कारण रंग पाण्याचा नसून त्यातील जीवांचा आहे, हे कोणाच्याही डोळ्यांना पटते.

स्थानिक संस्कृती म्हणजे केवळ मंदिर आणि यात्रा नव्हे, कामधंदाही आहे. लोणारच्या खाराला प्रतीनुसार दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे होती आणि आईन-इ-अकबरीत या भागात काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये मिळत असल्याची नोंद आहे. सरोवरातून पाणी बाहेर जाण्यास वाट नाही, त्यामुळे खडकातून उतरलेले क्षार साठत जातात, बाष्पीभवनाने ते दाट होतात आणि काठावर सोडियम कार्बोनेटचे थर जमतात. रसायनशास्त्राचा एक पूर्ण पाठ त्या जुन्या नावांच्या आधाराने शिकवता येतो. महिला मंडळांत मी हळदीत बुडवून वाळवलेला कागद नेते आणि पापडखाराच्या पाण्याचा थेंब त्यावर सोडते. पिवळा कागद लालसर होतो, आणि हळदीवर चुन्याची क्रिया करून कुंकू करण्याची रीत ठाऊक असलेली एखादी आजी पुढचे स्पष्टीकरण माझ्याआधीच देऊन टाकते. यासाठी सरोवराचे पाणी मात्र कधीही उचलू नये. हा परिसर अभयारण्य आहे आणि नमुना घेण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. ती शिस्त प्रसारकानेच मोडली तर पर्यटकांना सांगण्याचा अधिकार उरत नाही.

कामाच्या रोजच्या रीतीबद्दल थोडे सांगते. संशोधकाशी पहिली भेट घेण्याआधी त्यांचा निबंध किंवा शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरील प्रबंधाचा निदान प्रस्तावना आणि निष्कर्ष एवढा भाग वाचून जावे आणि “यातून तुम्हाला अनपेक्षित असे काय सापडले?” या प्रश्नाने सुरुवात करावी. निबंध प्रसिद्ध झाला आहे का, पेटंटचा अर्ज बाकी आहे का, विद्यार्थ्याचा प्रबंध अजून सादर व्हायचा आहे का, हे विचारल्याशिवाय एक ओळही बाहेर देऊ नये. लिहून झालेला मजकूर संशोधकाला दाखवावा आणि त्याच वेळी ज्या गावकऱ्याकडून माहिती घेतली त्यालाही वाचून दाखवावा; संशोधकाने आकडे तपासावेत आणि गावकऱ्याने नावे, रूढी आणि जागा. माहिती देणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नाव छापावे, “स्थानिकांच्या मते” या शब्दांत त्याला पुसून टाकू नये. प्रेसनोट तालुका प्रतिनिधीला दुपारपूर्वी द्यावी, छायाचित्राखाली ओळ स्वतः लिहून द्यावी, आणि मथळ्यात अवास्तव काही येऊ नये म्हणून दोन पर्यायी मथळेही सुचवावेत. यात्रेत मांडणी करायची असेल तर ती दर्शनाच्या रांगेपासून दूर, परतीच्या वाटेवर करावी, कारण जाताना लोक घाईत असतात आणि येताना सावली शोधत असतात.

नोकरी म्हणून पाहणाऱ्यांनी वस्तुस्थिती जाणून यावे. विद्यापीठांत या कामाची स्वतंत्र पदे थोडी आहेत, जी आहेत त्यांतील बरीच कंत्राटी असतात, आणि अनेकदा हे काम राष्ट्रीय सेवा योजना किंवा विस्तार कार्याच्या जबाबदारीला जोडून येते. विज्ञानाची पदवी आणि चांगले मराठी लेखन ही जोडी दुर्मीळ आहे, म्हणून तिला मागणी आहे. १९६६ पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद, आकाशवाणीची केंद्रे आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाचे कार्यक्रम या ठिकाणी विद्यार्थिदशेतच लिहायला आणि बोलायला मिळते. बोलीची लाज मात्र बाळगू नका. छापील मजकूर प्रमाण मराठीत असावा, पण काठावर वऱ्हाडीत विचारलेल्या प्रश्नाला वऱ्हाडीतच उत्तर देता आले पाहिजे.

एक काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. संशोधक नमुने नेतात, निबंध परदेशी नियतकालिकात छापला जातो आणि ज्या गावातून नमुने नेले तिथे त्याची एक प्रतही पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक संशोधन प्रकल्पाच्या अखेरीस चार पानांची मराठी पुस्तिका तयार करावी, तिच्यात काय शोधले, काय सापडले आणि कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही हे लिहावे, आणि ती नगर परिषदेच्या वाचनालयात, गावातील शाळांत, वनविभागाच्या चौकीत व सरोवर दाखवणाऱ्या मार्गदर्शकांच्या हाती स्वतः नेऊन द्यावी. मार्गदर्शकांसोबत ती एकदा बसून वाचावी आणि त्यांच्या शंका टिपून संशोधकाकडे परत न्याव्यात. प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिला जात असतानाच या पुस्तिकेच्या छपाईचा खर्च अंदाजपत्रकात धरायला लावा. नंतर त्यासाठी पैसे मिळत नाहीत.