एका रजिस्टरवर विसंबू नका: हार्ट अटॅकच्या नोंदी शोधताना

पब्लिक हेल्थचं शिक्षण संपवून मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात संशोधन सहायक म्हणून लागले. काम सांगायला सोपं होतं: वर्षभरात हार्ट अटॅकचे किती रुग्ण आले ते जुन्या नोंदींवरून शोधायचं. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांना कोड देण्याच्या आंतरराष्ट्रीय यादीत, ताज्या अटॅकचा कोड आय२१. त्या कोडचे केसपेपर रेकॉर्ड रूममधून काढले आणि पंधरा दिवसांत यादी तयार केली. आयसीसीयूच्या, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागाच्या, सिस्टरनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, एवढेच? यातले निम्मे तर माझ्याच ड्युटीत आले असतील."

त्यांनी वॉर्डचं रजिस्टर पुढ्यात ठेवलं. मग मी कॅथलॅबचं (अँजिओप्लास्टी होते तिथलं) पाहिलं, कॅज्युअल्टीचं पाहिलं. प्रत्येकात वेगळीच माणसं सापडत गेली. आमच्याकडे कोड लागायचा तो डिस्चार्ज कार्डावरच्या पहिल्या निदानावरून. वर मधुमेह आणि किडनीचा आजार लिहिलेला असेल, तर चौथ्या ओळीतला अटॅक निसटायचा. कॅज्युअल्टीतच दगावलेल्याला इनडोअर (भरतीचा) नंबरच मिळत नाही, मग रेकॉर्ड रूममध्ये त्याचा पेपर कुठून असणार? आणि जुना अटॅक असलेला कुणी दुसऱ्याच आजारासाठी भरती झाला, तरी चुकून आय२१ खाली जाऊन बसायचा.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरच्या नोंदी, रुग्णालयाच्या नोंदी आणि अटॅकची राष्ट्रीय रजिस्ट्री एकमेकांशी जोडून पाहिल्या, तेव्हा वाचलेल्या रुग्णांपैकी तिन्हीकडे नोंद असलेले जेमतेम ३१ टक्के निघाले. २०१३ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेला हा अभ्यास कामाला लागण्याआधी जरूर वाचा.

रजिस्टर उघडण्यापूर्वी अटॅकची व्याख्या कागदावर लिहून काढा. २०१८ च्या जागतिक व्याख्येनुसार ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) ठरलेल्या मर्यादेवर जाऊन चढउतार दाखवायला हवा, आणि सोबत लक्षणं, ईसीजीतला बदल किंवा तसा दुसरा पुरावा हवा. अठ्ठावीस दिवसांचा नियमही आधीच ठरवा: तेवढ्या दिवसांतल्या नोंदी एकाच अटॅकच्या धरायच्या. मुंबईत हे फार महत्त्वाचं आहे. रुग्ण आधी घराजवळच्या नर्सिंग होममध्ये जातो, तिथून पालिकेच्या रुग्णालयात, तिथून अँजिओप्लास्टीसाठी तिसरीकडे. अटॅक एकच, नोंदी तीन.

जुळवताना नावावर भरवसा ठेवू नका. सुनीताचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांचं असतं, बाईच्या मधल्या नावात कधी वडील तर कधी नवरा, आणि वय ५८ चं ६० होतं. मी तारीख, वॉर्ड, पत्ता आणि नातेवाइकाचं नाव एकत्र लावून पाहायचे. एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय यातल्या कशालाही हात लावू नका, आणि जुळवणी झाली की नावं काढून नंबर द्या.

मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यावर, म्हणजे फॉर्म ४ वर, 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' (हृदय आणि श्वास थांबणं) दिसलं की तो हार्ट अटॅक धरू नका. मरताना प्रत्येकाचंच हृदय थांबतं. त्याच्या खालच्या ओळी वाचा; खरं कारण लिहिलं असेल तर तिथेच सापडतं.

एक केसपेपर मात्र मनातून जात नाही. साठीच्या एक बाई, मधुमेह असलेल्या. तक्रारीच्या रकान्यात 'गॅस, दम लागतो, घाम', छातीत दुखल्याचा शब्द नाही. निदान अ‍ॅसिडिटी. मागे टाचणीने लावलेली ईसीजीची पट्टी इतकी फिकटली होती की खिडकीपाशी धरून पाहावी लागली. थर्मल कागदावरची छपाई अशीच उडून जाते. आम्ही दोन डॉक्टरांना तो पेपर वेगवेगळा दाखवला, एकमेकांचं मत न सांगता. दोघांनीही अटॅकच लिहिला. त्यानंतर मी अ‍ॅसिडिटी आणि दम्याच्या निदानाखालचे पन्नाशीपुढच्या बायकांचे केसपेपरही मागवायला लागले, आणि परवानगीत तशी तरतूद करून घेऊन प्रत्येक ईसीजीची झेरॉक्स पहिल्याच दिवशी काढायला लागले.