अडकलेला सूर: सिंथच्या फर्मवेअरमधला मिडी दोष कसा शोधावा

कोल्हापुरात गणपतीआधी ऑर्केस्ट्राच्या तालमी लागल्या की ऑक्टोपॅड, कीबोर्ड, लॅपटॉप सगळे मिडीने, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना सूर कळवण्याच्या डिजिटल पद्धतीने, एकमेकांना जोडले जाते. सिंथच्या नव्या फर्मवेअरची, म्हणजे वाद्याच्या आतल्या प्रोग्रामची, खोट अशा वेळी उघडी पडते: पट्टीवरून बोट उचलले तरी सूर वाजतच राहतो. वादकाची भर कार्यक्रमात अशी फजिती होऊ नये, म्हणून ही खोट टेबलावरच पकडायला हवी.

आधी कोडला हात लावू नका, तारेवरचे बाइट बघा. मिडी-ऑक्ससारखा मॉनिटर, म्हणजे येणारे मिडी संदेश दाखवणारा संगणकावरचा प्रोग्राम, सुरुवातीला चालेल, पण त्यावर विसंबू नका. मधला यूएसबी इंटरफेस प्रत्येक संदेश पूर्ण करून पुढे देतो, त्यामुळे मूळ बाइट दिसतच नाहीत. मिडी इनमधल्या ऑप्टोकप्लरच्या (प्रकाशातून सिग्नल पुढे देणाऱ्या भागाच्या) आउटपुटला लॉजिक ॲनालायझर, म्हणजे तारेवरचे डिजिटल सिग्नल नोंदवणारे उपकरण, लावा आणि पल्सव्ह्यू या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ३१,२५० बॉडवर (सेकंदाला इतके बिट) डिकोड करा. तिथेच बाइट बिघडलेले दिसले तर दोष पाठवणाऱ्याचा, केबलचा किंवा ऑप्टोकप्लरच्या सर्किटचा. बाइट नीट असतील तर फर्मवेअरकडे वळा.

माझा पहिला संशय नेहमी रनिंग स्टेटसवर असतो. लागोपाठच्या संदेशांचा स्टेटस बाइट, म्हणजे संदेशाचा प्रकार सांगणारा पहिला बाइट, एकच असेल, तर तो पुन्हा पाठवला नाही तरी चालतो. त्यात क्लॉकचा, म्हणजे लय जुळवणाऱ्या संदेशाचा, एफ८ हा बाइट कुठेही घुसू शकतो, अगदी एका संदेशाच्या मधोमधसुद्धा. आर्डुइनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाच्या सिरीयल पिनवरून, योग्य मिडी आउट सर्किट जोडून, हे हेक्स बाइट पाठवा:

९० ३सी ६४ एफ८ ३सी ००

इथे ९० म्हणजे नोट ऑन (सूर सुरू करा), ३सी म्हणजे नोटचा क्रमांक, आणि ६४ व ०० म्हणजे वेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली). मधला सी (C), म्हणजे ६० क्रमांकाचा नोट, सुरू होऊन लगेच थांबला पाहिजे. थांबला नाही, तर दोन शक्यता: एफ८ आल्यावर पार्सर, म्हणजे बाइटांचा अर्थ लावणारा फर्मवेअरचा भाग, ९० विसरतो, किंवा शून्य वेलॉसिटीचा नोट ऑन म्हणजेच नोट ऑफ, हे त्याला ठाऊक नाही. एफ८ काढून पुन्हा पाठवा. आता सूर थांबला तर पहिली शक्यता खरी. मग ९० ३सी एफ८ ६४ हेही तपासा. ही चाचणी यूएसबीतून करू नका, वाटेत बाइटांची मांडणी बदलू शकते.

दोष कधीमधीच येत असेल तर वेळेकडे बघा. एक बाइट ३२० मायक्रोसेकंदांत येतो. पॅच (साठवलेला आवाज) फ्लॅश मेमरीत लिहिताना इंटरप्ट, म्हणजे नवा बाइट आला की प्रोसेसरला हाक देणारे इशारे, त्याहून बराच वेळ बंद राहिले, तर बाइट हरवतात. यूएआरटीचा (बाइट घेणाऱ्या सर्किटचा) ओव्हररन फ्लॅग, म्हणजे बाइट हरवल्याची खूण, किती वेळा लागते ते मोजत राहा आणि पॅच सेव्ह करताना ऑक्टोपॅडवर जोरात रोल वाजवा.

सापडलेली प्रत्येक बाइटमालिका फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या प्रत्येक बिल्डवर ती चालवा.