नॅनोकणांचं कोटिंग आणि ॲलर्जी: प्रयोगात या चुका टाळा

नॅनोकणांवरच्या कोटिंगमुळे ॲलर्जी होते का, हे मास्ट पेशींवर (ॲलर्जीत रसायनं सोडणाऱ्या पेशी) तपासतात. त्यांनी हिस्टामिन (ॲलर्जीची लक्षणं आणणारं रसायन) सोडलं की कोटिंगला दोष देऊन मोकळं व्हायची घाई असते. पण पेशीपर्यंत नेमकं काय पोहोचलं, ते आधी बघा.

सिट्रेटचं कोटिंग असलेले सोन्याचे कण पीबीएसमध्ये (पेशींसाठी वापरतात ते खारट बफर द्रावण) टाका. लालभडक द्रावण बघता बघता जांभळट-निळं होतं, कारण मिठामुळे कणांच्या गुठळ्या होतात. पीईजीचं (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, एक पॉलिमर) कोटिंग चांगलं बसलेलं असेल तर रंग लालच राहतो. या दोघांची तुलना केली तर ती कोटिंगची कमी आणि गुठळ्यांचीच जास्त होते. त्यामुळे डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं तंत्र) आकार नुसत्या पाण्यात मोजून भागत नाही. पेशी ज्या माध्यमात आहेत, त्यातच मोजा. माध्यमात सीरम (रक्तातला प्रथिनं असलेला द्रव) असेल तर कणांवर प्रथिनांचा थर चढतो आणि पेशीला तुमच्या कोटिंगआधी तोच भेटतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो रंग. बीटा-हेक्सोसामिनिडेज हे एन्झाइम मास्ट पेशी हिस्टामिनसोबतच सोडतात. त्याच्या चाचणीत ते सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) तोडतं आणि त्यातून येणारा पिवळा रंग 405 नॅनोमीटरवर वाचतात. चांदीचे नॅनोकण मुळातच पिवळे, आणि प्रकाश शोषतात तेही 400 च्या आसपास! म्हणजे पेशी ढिम्म असल्या तरी प्लेट रीडर म्हणणार, जोरदार प्रतिक्रिया आली. पेशी न घालता फक्त कण आणि सबस्ट्रेट असलेली विहीर (प्लेटमधला खळगा) प्रत्येक प्लेटवर ठेवाच. उलटंही होतं: एन्झाइम कणांना चिकटून तळाशी जातं, आकडा घसरतो आणि ‘कोटिंगने ॲलर्जी दाबली’ असा निष्कर्ष निघतो. फोडलेल्या पेशींचा अर्क कणांत मिसळून किती एन्झाइम परत मिळतं, ते बघा.

ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केलं म्हणजे एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातला, पेशींना चेतवणारा घटक) गेलं, हा गैरसमज काही सुटत नाही. काचेची भांडी 250 अंशांवर अर्धा तास कोरडी तापवा. कण मात्र तसे तापवता येत नाहीत, कोटिंगच जळेल. ते पहिल्यापासून एंडोटॉक्सिनमुक्त पाण्यात बनवा.

बेसोफिलची (रक्तातल्या, मास्ट पेशींसारख्याच हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी) चाचणी ताज्या रक्तावर करत असाल तर नागपूरचा मे महिना विसरू नका. मेडिकल चौकातून रक्ताची ट्यूब गाडीच्या डिक्कीत टाकून आणली, तर बाप्पा, पुढचे सगळे आकडे संशयास्पद. इन्सुलेटेड डबा वापरा, पण ट्यूब थेट बर्फाला टेकवू नका. रक्त गोठू नये म्हणून हेपरिनची ट्यूब घ्या. ईडीटीएही रक्त गोठू देत नाही, पण ते कॅल्शियम बांधून टाकतं आणि कॅल्शियमशिवाय बेसोफिल काही सोडत नाहीत. काही जणांचे बेसोफिल अँटी-आयजीईलाही (पेशींना मुद्दाम चेतवायला वापरतात ती अँटिबॉडी) दाद देत नाहीत. अशा दात्याचे आकडे कोटिंगच्या तुलनेत धरू नका.