इन्स्ट्रक्टर होऊन तास भरताय? या चुका टाळा

कमर्शियल पायलट लायसन्स हातात येतं तेव्हा बहुतेकांच्या लॉगबुकात उड्डाणाचे 200 ते 250 तास असतात. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्ससाठी आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) किमान अट 1500 तासांची. अमेरिकेत 2009 साली बफेलोजवळ झालेल्या अपघातानंतर नियम कडक झाले आणि 2013 पासून तिथल्या एअरलाइनमध्ये सह-वैमानिकालाही याच दर्जाचं लायसन्स लागतं. मधले साडेबाराशे-तेराशे तास स्वतःच्या पैशाने उडायचे म्हटलं तर कंबरडंच मोडतं, म्हणून अनेक जण इन्स्ट्रक्टर होतात. तासही मिळतात, पगारही मिळतो. मार्ग चांगलाच आहे. पण तास डोळ्यांसमोर ठेवून विद्यार्थ्याकडे दुर्लक्ष केलं की विद्यार्थी अडकतो, कंटाळून सोडून जातो आणि त्याच्याबरोबर तासही जातात.

कंट्रोल्स घेण्याची घाई

नव्या इन्स्ट्रक्टरची ही सर्वांत महागडी चूक. विद्यार्थी फ्लेअर (टेकण्याआधी विमानाचं नाक उचलणं) जरा उंचावर करतो, इन्स्ट्रक्टरचा हात आपोआप योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) जातो आणि लँडिंग इन्स्ट्रक्टरचंच होतं. विद्यार्थ्याला वाटतं आपण उतरवलं. पुढचे कितीतरी धडे त्याच जागी अडतात, सोलो (एकट्याने केलेलं उड्डाण) लांबत जातो, आणि दोघांनाही कारण कळत नाही.

उपाय असा: आधी तोंड, मग हात. हात योकजवळ आणि पाय पेडलजवळ तयार असावेत, पण टेकलेले नसावेत. कुठे थांबवायचं हे उड्डाणाआधीच ठरवा: किती वेग कमी झाला, मध्यरेषेपासून किती सरकलं, किती उंचीवर अप्रोच (रनवेकडे उतरत येणं) बिघडलेला असेल तर गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं). मर्यादा आधी ठरलेली असली की घाईही होत नाही आणि उशीरही होत नाही. उशीर तर घाईपेक्षा वाईट. रनवेपासून काही फुटांवर विचार करायला वेळ नसतो. कंट्रोल्स घेताना आणि देताना दोघांनीही ते मोठ्याने बोलून पक्कं करायचं. ‘मला वाटलं तुम्ही धरलंय’ हे वाक्य विमानात कधीच ऐकू येता कामा नये.

फ्लेअर वारंवार उंचावर होत असेल, तर हातांना दोष देण्याआधी नजर कुठे आहे ते विचारा. नाकाच्या लगेच पुढची जमीन बघणाऱ्याला ती अंगावर धावून आल्यासारखी वाटते आणि तो योक लवकर ओढतो. नजर रनवेच्या लांबच्या टोकाकडे नेली की उंचीचा अंदाज सुधारतो. योक आवळून धरणाऱ्याच्या बोटांमधून एक पेन्सिल आडवीतिडवी अडकवून द्या. मूठ आवळली की पेन्सिल बोटांना रुतते आणि पकड आपसूक सैल होते. आम्ही इन्स्ट्रक्टर ही जुनी युक्ती अजूनही वापरतो, कारण ती लागू पडते.

चुकीचे तास मोजणं

विद्यार्थी सोलोवर असताना तुम्ही खाली रेडिओ धरून उभे असता. जबाबदारी तुमची असते, पण तो तास तुमचा नाही. सिम्युलेटरवर शिकवलेला वेळही उड्डाणाचा तास नाही. उड्डाणवेळ विमान उड्डाणासाठी स्वतःच्या शक्तीने हलल्यापासून उतरून थांबेपर्यंत मोजतात. पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून गेलेली मिनिटं त्यात येत नाहीत, हॉब्स मीटर (विमानातलं तास मोजणारं घड्याळ) काहीही दाखवो.

याहून मोठा घोळ प्रकारांचा. आयकाओच्या त्या 1500 मध्ये पायलट-इन-कमांडचे (विमानाचा प्रमुख म्हणून) किमान 250, क्रॉस-कंट्रीचे (दुसऱ्या ठिकाणापर्यंतच्या लांब उड्डाणाचे) 200, रात्रीचे 100 आणि इन्स्ट्रुमेंटचे (फक्त उपकरणं बघून उडवण्याचे) 75 तास लागतात. देशोदेशीचे नियम याहून कडक असू शकतात. अमेरिकेत क्रॉस-कंट्रीचेच 500 लागतात. दिवसा फक्त सर्किट (विमानतळाभोवतीच्या फेऱ्या) मारत राहिलात तर एकूण आकडा फुगतो आणि रात्रीचा रकाना रिकामा राहतो. दर महिन्याला रकान्यांच्या बेरजा करा, आणि जो मागे पडलाय त्या प्रकारचे धडे शाळेकडे मागून घ्या. इन्स्ट्रुमेंट शिकवण्याची परवानगी मिळवलीत तर तुमची स्वतःची स्कॅनही (उपकरणांवर क्रमाने नजर फिरवण्याची सवय) शाबूत राहते. नाहीतर विद्यार्थीच सतत उडवतो, तुम्ही फक्त बघता, आणि एअरलाइनच्या सिम्युलेटर चाचणीत हात गंजलेला आहे हे पहिल्यांदा कळतं. म्हणून अधूनमधून एकट्याने किंवा दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर स्वतः उडवा.

पगाराचं न विचारणं

रुजू होण्याआधी स्पष्ट विचारा: पैसे कशाच्या तासाला? हॉब्सच्या की टॅकच्या? टॅक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे टॅक्सी (जमिनीवर विमान चालवत नेणं) आणि सर्किटमध्ये तो खऱ्या वेळेपेक्षा हळू सरकतो आणि नुकसान तुमचं होतं. ब्रीफिंगचे (उड्डाणाआधी जमिनीवर समजावण्याचे) पैसे मिळतात का? हवामानामुळे दिवस फुकट गेला तर? विद्यार्थी आलाच नाही तर? तासाचा दर ऐकून खूश होऊ नका. विमानतळावर घालवलेल्या पूर्ण दिवसाने मिळकत भागा, मग खरा आकडा समोर येतो. ब्रीफिंगचं शुल्क पहिल्याच भेटीत विद्यार्थ्याला सांगा. ते फुकट असलं की इन्स्ट्रक्टर ते उरकतो, आणि जे जमिनीवर कागदावर दहा मिनिटांत समजलं असतं ते हवेत महागात पडतं.

थकलेल्या अवस्थेत आणखी एक सॉर्टी (उड्डाणफेरी)

अमेरिकेत कोणत्याही सलग 24 तासांत 8 तासांहून जास्त उड्डाण-प्रशिक्षण देता येत नाही. पण त्यात ब्रीफिंग, डीब्रीफिंग, इंधनाची धावपळ धरलेली नसते. आठच्या आत असूनही माणूस पार थकलेला असू शकतो. विद्यार्थ्याची तीच चूक दिसूनही दुरुस्त करायचा कंटाळा येऊ लागला, तर पुढची सॉर्टी रद्द करा. त्या दिवसाचा तास गेला तरी चालेल.

कागद अर्धवट सोडून जाणं

एअरलाइनचं बोलावणं बहुधा घाईत येतं, आणि मागे अर्ध्यावर असलेले विद्यार्थी उरतात. प्रत्येक धड्याची नोंद त्याच दिवशी लिहा: काय झालं, काय कच्चं आहे, कोणत्या शब्दांत सांगितलं की कळतं. सोलोचं एन्डॉर्समेंट (एकट्याने उडायला इन्स्ट्रक्टरने दिलेली लेखी परवानगी) कधी संपतं ते ठळक लिहा. अमेरिकेत ते 90 दिवसांचं असतं. निघण्याआधी नव्या इन्स्ट्रक्टरबरोबर बसून प्रत्येक विद्यार्थ्याची फाइल चाळा आणि शक्य असेल तर विद्यार्थ्यालाही त्या भेटीला बोलवा.