बाबांचं राहिलेलं पदक नोंदीत आणायचं असेल तर

बाबा १९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर लढले, पण डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवानोंदीच्या पुस्तकात) त्या आघाडीच्या ‘पूर्वी स्टार’ पदकाची नोंदच नाही, असं आपल्या नागपुरातल्या एखाद्या घरात आढळलं तर थेट दिल्लीला पत्र धाडू नका. अर्ज जायला हवा तो त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. गार्ड्स रेजिमेंटचं आपल्या कामठीतच आहे, महारचं सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला.

अर्जात सेना क्रमांक, हुद्दा, युनिट आणि त्या काळातली तैनाती स्पष्ट लिहा. ‘बाबा लढाईत होते’ एवढ्यावर काम होत नाही; युनिट कुठे, कधी होतं हे लागतं. म्हणून डिस्चार्ज बुकाचं प्रत्येक पान, शिक्के पुसट झालेली पानंसुद्धा, उजेडात धरून वाचा. माझ्या वडिलांच्या पुस्तकात युनिटचं नाव अशाच एका कोपऱ्यात सापडलं. मूळ पुस्तक मात्र कुणालाही देऊ नका, छायाप्रतच जोडा. स्पीड पोस्टाची पावती जपा.

अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या. उत्तर आलंच नाही, तर १० रुपये भरून माहिती अधिकारात सेवानोंदीची प्रत मागा. म्हातारे वडील हयात आहेत तोवर हे कराच. तारखा त्यांनाच आठवतात.