प्लॅस्टिकच्या भागांवरचा जुना, चिवट रंग उतरवण्याआधी: तयारीची यादी

पहिलं काम म्हणजे भाग गाडीवरून सोडवून उलटा करणं. मागच्या बाजूला साच्यातच उठवलेली खूण असते: दोन टोकदार कंसांच्या मध्ये एबीएस, पीसी (पॉलिकार्बोनेट), पीए६ (नायलॉन), पीपी+ईपीडीएम (पॉलिप्रॉपिलीन आणि रबराचं मिश्रण) अशी प्लॅस्टिकच्या प्रकाराची अक्षरं. मोटारींचे बंपर बहुधा पीपी+ईपीडीएमचे असतात. पुढे टीडी२० लिहिलेलं असेल तर त्यात २० टक्के टाल्क, म्हणजे खनिजाची पूड, आहे. दुचाकीच्या फेअरिंगवर (बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर) जास्त करून एबीएस सापडतं. ही खूण कागदावर लिहून भागाला चिकटवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर आहे. खूण नसेल तर मागचा छोटा तुकडा कापून पाण्यात टाकतात: साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. मात्र टाल्क भरलेलं पीपीही बुडू शकतं, तेव्हा एवढ्यावर भिस्त ठेवू नका. ओळख पटली नाही तर रसायन वापरायचंच नाही, नुसतं घासायचं.

दुसरा प्रश्न: रंग मुळात उतरवायला हवा का? धारदार ब्लेडने २ मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा प्लॅस्टिकपर्यंत मारा, वर चिकट टेप दाबून बसवा आणि ओढून काढा. चौकोन जागेवर राहिले तर कंपनीचा तो थर सोन्यासारखा आहे. तो ठेवा, ४०० ते ५०० नंबरच्या सँडपेपरने घासून त्यावरच प्रायमर घ्या. पोपडे सुटत असतील, क्लिअर कोटला (वरच्या पारदर्शक थराला) भेगा असतील किंवा रंगावर रंग चढून थर जाड झाला असेल, तरच पूर्ण उतरवा. थराची जाडी पत्र्यावर वापरायच्या चुंबकीय मीटरने मोजायला जाऊ नका. प्लॅस्टिकवर तो चालत नाही. कडेला थोडं घासलं की थरांची वर्तुळं दिसतात, ती मोजा.

आता रसायनांबद्दल, कारण भाग सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. हार्डनर घालून मारलेला रंग एकदा पूर्ण पक्का झाला की थिनरमध्ये विरघळत नाही, फार तर फुगतो. म्हणजे रंग हलण्याआधी खालचं एबीएस मऊ होऊन चिकट होतं. ॲसिटोन, लॅकर थिनर आणि पत्र्यावरचा रंग उतरवायचे डायक्लोरोमिथेनवाले रिमूव्हर एबीएस आणि पीसी दोन्हींपासून लांब ठेवा. पीसीचा धोका आणखी फसवा आहे: स्क्रूच्या भोकांशी, जिथे ताण साठलेला असतो, तिथे केसासारख्या भेगा पडतात आणि त्या काही तासांनीही दिसू शकतात. पीपी विरघळत नाही, पण सॉल्व्हंट पिऊन घेतं आणि नंतर प्रायमरखाली फोड आणतं. प्लॅस्टिकसाठीच असं डब्यावर लिहिलेलं रिमूव्हर असेल तरी आधी मागच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावा, डब्यावरची वेळ संपल्यावर पुसा आणि नखाने दाबून बघा. खूण उमटली तर डबा बंद करा.

स्प्रे कॅनने मारलेला साधा रंग वेगळा. कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा दहा-पंधरा सेकंद चोळून रंग कापसावर आला तर काम बरंच हलकं होईल.

हीट गन वापरणार असाल तर भाग आकाराप्रमाणे आधार देऊन ठेवा. एबीएस साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होतं, आणि गनच्या तोंडाशी हवा त्याच्या कितीतरी पट गरम असते. गन सतत हलती ठेवा. पृष्ठभाग ५०-६० अंशांपर्यंतच तापवा आणि सुटलेला पोपडा प्लॅस्टिकच्या पात्याने उचला. लोखंडी स्क्रॅपरचा एक ओरखडा भरायला अर्धा तास जातो.

घासण्यासाठी १८०, २४०, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे पेपर, मऊ पॅड आणि वेग कमी करता येणारा सँडर जवळ ठेवा. त्याआधी साबणाच्या पाण्याने आणि मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने धुवा, नाहीतर पॉलिशमधलं सिलिकॉन पेपरबरोबर ओरखड्यांत भरलं जातं. ८० नंबरने सुरुवात करू नका. पीपीवर त्याने कापसासारखी लव उठते, आणि सँडर जोरात फिरवला तर प्लॅस्टिक वितळून पेपरवर गोळे होतात. लव उठलीच तर वेग उतरवून ओल्या ४०० नंबरने हाताने काढा. आकाराच्या धारांवर मास्किंग टेप लावा आणि तिथे शेवटी हातानेच घासा. जुना थर जिथे संपतो ती कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत उतरती करा. धुळीसाठी पी२ मास्क, चष्मा आणि धूळ ओढणारी सोय हवीच; सॉल्व्हंटला कार्बनचं फिल्टर लावलेला मास्क वेगळा.

पीए म्हणजे नायलॉन पाणी शोषतं, म्हणून ओलं घासल्यावर भाग ६० अंशांवर तासभर सुकवा. शेवटचं पुसणं दोन कापडांनी: एक ओलं, लगेच मागून एक कोरडं. कोरड्या कापडाने जोरात चोळलं तर स्थिर वीज साठून धूळ चिकटते, तेव्हा अँटीस्टॅटिक वाइप घ्या. पाणी सलग पसरतंय का, ही पत्र्यावरची परीक्षा उघड्या पीपीवर लावू नका. ते कितीही स्वच्छ असलं तरी पाण्याचे थेंबच होतात. तिथे प्रायमरआधी ॲड्हिजन प्रमोटरचा (प्रायमर धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) पातळ हात लागतो, उघड्या जागेवर आणि उतरत्या कडेवरही. त्याच्यानंतर किती मिनिटांत प्रायमर घ्यायचा ते डब्यावर वाचून, प्रायमरची स्प्रे गन भरून तयार ठेवल्यावरच प्रमोटर मारा.