ब्रूने नवीन गिट टाकलं, तरी 'ॲपल गिट'च दिसत होतं: माझा अनुभव

मॅक एम१ चिपचा. होमब्रू म्हणजे टर्मिनलमधून सॉफ्टवेअर टाकायचं साधन, त्याची कमांड 'ब्रू'; गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. 'ब्रू इन्स्टॉल गिट' बिनतक्रार झालं, पण 'गिट --व्हर्जन' विचारलं की कंसात 'ॲपल गिट' असलेली जुनीच आवृत्ती यायची. रीइन्स्टॉल केलं, 'ब्रू लिंक गिट' केलं, मशीन रीस्टार्ट केलं, फरक शून्य. धरमपेठेतल्या घरी रविवारची अख्खी सकाळ यात गेली, आणलेले तर्री-पोहे तसेच गार झाले.

उलगडा 'व्हिच -ए गिट'ने झाला; गिट कुठे कुठे आहे ते ही कमांड क्रमाने दाखवते. आधी '/यूएसआर/बिन/गिट', त्याखाली '/ऑप्ट/होमब्रू/बिन/गिट'. शेल (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, जे आधी सापडेल तेच चालवतं, आणि मी '.झेडएसएचआरसी' या शेलच्या सेटिंग फाइलमध्ये होमब्रूचा फोल्डर पाथच्या शेवटी जोडला होता. म्हणून ब्रू सापडायचं, पण गिट मात्र ॲपलचं.

आधी ती जुनी ओळ काढली. मग होम फोल्डरमधल्या '.झेडप्रोफाइल'मध्ये ही एकच ओळ लिहिली:

इव्हॅल "$(/ऑप्ट/होमब्रू/बिन/ब्रू शेलएन्व्ह)"

ती '.झेडएसएचएनव्ही' या दुसऱ्या सेटिंग फाइलमध्ये टाकू नका. त्या फाइलनंतर सिस्टिमची '/ईटीसी/झेडप्रोफाइल' चालते आणि '/यूएसआर/बिन' पुन्हा पुढे आणते. इंटेल मॅकवर होमब्रू '/यूएसआर/लोकल'मध्ये असतं, तिथे ओळीतला पत्ता तसा बदला.

फाइल सेव्ह करून टर्मिनल पूर्ण बंद केलं, नवीन उघडलं. 'व्हिच -ए गिट'मध्ये होमब्रू वर आलं, आवृत्तीतून 'ॲपल गिट' गेलं.

ॲपलचं गिट डिलीट करायच्या फंदात पडू नका. ते सिस्टिमच्या संरक्षित भागात आहे आणि तिथे असण्याने काही बिघडत नाही. आता अपडेटसाठी 'ब्रू अपडेट', मग 'ब्रू अपग्रेड गिट'.